गुणांच्या बदल्यात मजकूर : कोल्हापुरातल्या एका कौशल्य-पेपरचं प्रकरण

कोल्हापूर शहरातल्या एका महाविद्यालयाने एका कंपनीशी सामंजस्य करार केला. कंपनी बाहेरगावची. गावोगावच्या वस्तू, खाणं आणि ठिकाणं यांची मराठीतून माहिती देणारं ॲप ती चालवते आणि त्याच ॲपवरून मालही विकते. करार मोजक्याच पानांचा. कंपनीने प्रथम वर्षाच्या मुलांना 'कंटेंट लेखन' शिकवायचं आणि प्रमाणपत्र द्यायचं, महाविद्यालयाने वर्ग, संगणक कक्ष आणि विद्यार्थी द्यायचे. 'सत्रात तयार झालेलं साहित्य कंपनीच्या वापरासाठी खुलं राहील' असं एक वाक्य एका पानाच्या तळाशी होतं. सह्या प्राचार्यांची आणि कंपनीच्या प्रतिनिधीची. ज्यांनी लिहायचं होतं त्यांची सही कुठेच नव्हती.

महाविद्यालय, कंपनी आणि माणसं यांची ओळख इथे लपवली आहे. मी शहरातल्याच दुसऱ्या संस्थेत मराठी शिकवते. ज्या मुलीमुळे हे सगळं उघड झालं ती अकरावी-बारावीला माझ्या वर्गात होती, म्हणून ती माझ्याकडे आली. पुढचे अर्ज, बैठका आणि शेवटी झालेला मसुदा यांत मी तिच्या बाजूने होते. हे लिहितानाही मी त्याच बाजूला आहे.

करार का झाला, हे आधी समजून घ्यायला हवं, नाहीतर सगळा दोष एका प्राचार्यांच्या माथी जाईल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यापासून पदवीच्या पहिल्या वर्षातच कौशल्याचे दोन-दोन श्रेयांकांचे (क्रेडिट) पेपर आले. ते शिकवायला माणसं मात्र आली नाहीत. या पेपरची जबाबदारी ज्यांच्याकडे होती ते सर तासिका तत्त्वावर काम करतात. तासाला ठरलेले पैसे, सुट्टीचा पगार नाही आणि पुढच्या वर्षी नेमणूक होईलच याची खात्री नाही. कंपनीने त्यांना तयार स्लाइड, तयार स्वाध्याय आणि तयार मूल्यमापन तक्ता दिला. शिवाय महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात उद्योगांशी झालेल्या, प्रत्यक्ष चालू असलेल्या करारांची नोंद द्यावी लागते. महाविद्यालयाच्या गुणवत्ता कक्षाला (आयक्यूएसी) आकडा हवा होता, सरांना हात हवा होता, कंपनीला मजकूर हवा होता. तिघांची सोय झाली.

कंपनीला मजकूर का हवा होता, हेही सरळ आहे. कोल्हापूरविषयी इंटरनेटवर मराठीत जे सापडतं त्यात तांबडा-पांढरा रस्सा, महालक्ष्मी, रंकाळा आणि चप्पल हेच फिरून फिरून येतं. गावातल्या माणसाने आतून लिहिलेला मजकूर दुर्मीळ आहे आणि तो विकत घ्यायचा तर लेखकाला मानधन द्यावं लागतं. वर्गात बसलेल्या मुलांपैकी कुणाचं घर गुजरीच्या मागे, कुणाचे आजोबा तालमीचे वस्ताद, कुणाचा चुलता मार्केट यार्डात अडत्या. अशी मुलं एका हजेरीपटावर मिळाली, तर हा सौदा स्वस्त म्हणायचा की फुकट?

लेख आणि त्याचं काय झालं

या मुलीचं गाव पन्हाळा तालुक्यात. तिच्या मामाचं गुऱ्हाळ आहे. स्वाध्याय होता 'माझ्या परिसरातलं एक उत्पादन', शब्दमर्यादा आठशे. तिने गुळावर लिहिलं. मूळ लेख मी वाचला आहे आणि पहिल्या वर्षाच्या मुलीने तो लिहिला यावर माझा सहज विश्वास बसतो, कारण त्यात ऐकीव असं काहीच नाही. चुलवणात चिपाडं ढकलणाऱ्या माणसाच्या भुवया जळलेल्या असतात. रस तापायला लागला की भेंडीची खोडं ठेचून भिजवलेलं चिकट पाणी काहिलीत ओततात, मग मळी वर येते आणि ती काढत राहावं लागतं. पाक झाला की नाही हे गुळव्या थेंबभर पाक गार पाण्यात टाकून बोटाने गोळी वळून बघतो, 'आणि ती गोळी ताटलीवर टाकली की जो टण्ण आवाज येतो त्यावर तो आदण उतरवतो', असं तिचं वाक्य आहे. आदण म्हणजे काहिलीतला एक घाणा. हा शब्द तिने समजावून सांगितलेला नाही, वापरलाय फक्त. मला ते फार आवडलं.

लेखाच्या शेवटाकडे एक परिच्छेद होता, तो या प्रकरणात महत्त्वाचा. यार्डातल्या सौद्यात पिवळाधमक गूळ जास्त दराने जातो, तांबूस गुळाला भाव कमी मिळतो, म्हणून काही गुऱ्हाळांवर रंग उजळण्यासाठी हायड्रॉस ही रासायनिक पावडर टाकतात, असं तिने लिहिलं होतं. 'माझा मामा म्हणतो, गिऱ्हाइकाने पिवळा मागायचं सोडलं तर आम्ही पावडर सोडू.' या वाक्यात मामाची कबुलीही आहे. मुलीने ती झाकली नाही.

ॲपवर हा लेख आला तेव्हा वर 'संपादकीय विभाग' अशी ओळ होती. मुलीचं नाव कुठेच नव्हतं. हायड्रॉसचा परिच्छेद उडवलेला. त्या जागी 'कोल्हापूरचा गूळ शंभर टक्के केमिकलमुक्त आणि पारंपरिक पद्धतीने बनवलेला' असं एक वाक्य आणि त्याखाली 'आत्ताच मागवा' असं बटण. तिने स्वतः काढलेला गुऱ्हाळाचा फोटो तसाच होता, त्यात शेडवर रंगवलेलं मामाचं आडनाव दिसत होतं. लेख सापडला तोही मामालाच. कुणीतरी पुण्याहून फोन करून केमिकलमुक्त गूळ आहे का विचारलं. मामाने कुठे वाचलं म्हणून विचारलं आणि लिंक मागवली.

'मॅडम, मी खोटं लिवलेलं नाही, पण आता मामाला वाटतंय की मीच लिवलंय,' हे तिचं पहिलं वाक्य. नाव गेल्याचं दुःख तिने नंतर सांगितलं. आपल्या माणसाच्या तोंडी आपल्याच लेखणीतून खोटी हमी घातली गेली, याने ती जास्त दुखावली होती.

मग वर्गातल्या इतरांनी शोधायला सुरुवात केली. जवळजवळ प्रत्येकाचा लेख कुठल्या ना कुठल्या रूपात ॲपवर होता. साज, मिसळ, तालमी, पंचगंगेचा घाट, सगळं. चप्पल लाइनवर लिहिणारा मुलगा जे बोलला ते मला विसरता येत नाही. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि श्रेय दिलं नाही, तेव्हा आख्खं शहर तापलं होतं. नंतर प्राडाने या चपलांची प्रेरणा भारतीय कारागिरीतली असल्याचं मान्य केलं. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं, त्यामुळे बोट ठेवायला कागद तरी होता. 'त्यावर मीच लेख लिहिला, मॅडम, आणि माझाच लेख बिननावाचा गेला,' असं तो म्हणाला.

कंपनीचं म्हणणं

तक्रार गेल्यावर कंपनीने दिलेलं उत्तर नम्र होतं. त्यातले मुद्दे असे: विद्यार्थ्यांनी पहिल्या दिवशी गूगल फॉर्मवर 'मला अटी मान्य आहेत' या चौकोनात खूण केली आहे. महाविद्यालयाशी करार आहे. उपक्रम शैक्षणिक आहे. प्रमाणपत्र दिलं, म्हणजे मोबदला दिला.

एकेक घेऊ, कारण अशी उत्तरं इतर महाविद्यालयांनाही मिळतील.

कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम १७ सांगतं की कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. अपवाद आहेत, त्यातला इथे लागू करू पाहिला गेलेला अपवाद नोकरीचा: सेवेच्या करारात काम करताना केलेली कृती मालकाची. विद्यार्थी महाविद्यालयाचा नोकर नाही आणि कंपनीचाही नाही. तो तर फी भरतो. म्हणजे लेख मुलीचा. जे महाविद्यालयाच्या मालकीचं नाही ते महाविद्यालय करारातल्या एका वाक्याने दुसऱ्याला देऊ शकत नाही. प्राचार्यांना हे बैठकीत सांगितलं तेव्हा ते खरोखर गोंधळले. 'आमच्या वर्गात लिहिलं, आमच्या संगणकावर लिहिलं' असं ते म्हणत राहिले. संगणक महाविद्यालयाचा असला तरी लेख त्याचा होत नाही.

चौकोनातली खूण हा मुद्दा अवघड आहे. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दिलेली संमती आपल्याकडे सरसकट बाद होत नाही. पण हक्क सोपवायचे तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सही केलेला दस्त लागतो. त्यात कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात आणि मोबदला किती, हे नमूद करावं लागतं. नुसता परवाना द्यायचा तरी तो लेखी हवा आणि कलम ३०अ मुळे कलम १९ मधल्या तरतुदी योग्य त्या फेरफारांसह तिथेही येतात. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. या फॉर्मवर यातलं काहीच नव्हतं. आणि खूण केली त्या दिवशी एकाही मुलाने लेखाचा एक शब्दही लिहिलेला नव्हता.

शिवाय वर्गात काही मुलं अठरा पूर्ण झालेली नव्हती. प्रथम वर्षाला हे असतंच. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ११ नुसार अज्ञान, म्हणजे अठरा पूर्ण न झालेली, व्यक्ती करार करायला सक्षम नाही आणि प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहरी बीबी खटल्यात असा करार मुळातूनच शून्य ठरवला. कंपनीच्या वकिलांनी इथे अमेरिकेतला एक दाखला आणला. चौर्यतपासणीचं टर्नइटिन हे सॉफ्टवेअर चालवणाऱ्या कंपनीविरुद्ध व्हर्जिनिया आणि ॲरिझोनातल्या शाळकरी मुलांनी दावा लावला होता: आमचे निबंध तुम्ही साठवून ठेवता. मुलं हरली. २००९ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तो वापर रास्त ठरवला. दाखला खरा आहे, पण तो नीट वाचला तर आमच्याच कामाचा आहे. तिथे निबंध कुणाला दाखवले जात नव्हते, ते फक्त दुसऱ्या निबंधांशी ताडून बघण्यासाठी साठवलेले होते आणि न्यायालयाने नेमक्या याच गोष्टीला वजन दिलं. इथे लेख जगासमोर मांडला आणि खाली विक्रीचं बटण लावलं.

'शैक्षणिक उपक्रम' या मुद्द्याला आधार म्हणून कलम ५२ पुढे केलं गेलं. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली प्रत हा भंग धरला जात नाही, हे खरं आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या सवलतीचा अर्थ उदारपणे लावला, आणि मला तो निकाल मनापासून पटतो. पण ती सवलत शिकणाऱ्याला आणि शिकवणाऱ्याला आहे. गूळ विकणाऱ्याला ती कशी मिळेल?

सगळ्यात ठाम आधार मिळाला तो कलम ५७ चा. हक्क सोपवले तरी लेखकाकडे दोन गोष्टी उरतात: ही कृती माझी आहे असं सांगणं, आणि तिची मोडतोड होऊन आपल्या नावलौकिकाला बाधा येत असेल तर दाद मागणं. 'शंभर टक्के केमिकलमुक्त' हे वाक्य घुसवणं ही सरळ मोडतोड आहे. एका वाक्याने लेख उलटा झाला. कंपनीच्या प्रतिनिधीने बैठकीत हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं, मग मूळ परिच्छेद वाचला, आणि पुढे या मुद्द्यावर वाद घातला नाही.

खरा पेच

कायद्याचं बोलणं इथवर ठीक झालं. तरी मला वाटतं, कंपनीने अगदी निर्दोष कागद तयार केला असता, मुदत, प्रदेश, मोबदला सगळं लिहून घेतलं असतं, तरी हे चुकीचंच ठरलं असतं. कारण त्या वर्गात 'नाही' म्हणायला जागाच नव्हती. मूल्यमापनाच्या तक्त्यात अंतर्गत गुणांचा एक हिस्सा 'प्रकाशनयोग्यता' या सदराखाली होता आणि ते गुण कंपनीचा मेंटॉर द्यायचा. ज्याला लेख द्यायचा नाही, त्याचे गुण जाणार. अठरा वर्षांचं पोर, घरातलं पहिलंच कॉलेजात आलेलं, शिष्यवृत्तीचा अर्ज भरलेला, ते दोन श्रेयांकांचा धोका कसा पत्करेल? तक्रारीच्या अर्जावरही सगळ्यांनी सह्या केल्या नाहीत. अंतर्गत गुण अजून लागायचे होते. एका मुलाने अर्जावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी येऊन खोडायला सांगितली. मी खोडली. त्याला समजवायला गेले नाही, आणि तेच बरोबर होतं.

म्हणून आमची मुख्य मागणी भरपाईची नव्हती. गुण आणि परवानगी वेगळी करा, ही होती. लेख शिक्षकाकडे जाईल, शिक्षक तपासतील, गुण विद्यापीठाच्या प्रणालीत भरून बंद होतील. त्यानंतर, आणि त्यानंतरच, कंपनी विद्यार्थ्याला विचारेल. नाही म्हटलं तर तिथे विषय संपला.

या मागणीवर सरांनीच हरकत घेतली, ती मला प्रामाणिक वाटली. ते म्हणाले, मुलं बाहेरच्या वाचकासाठी लिहितात तेव्हा जीव लावून लिहितात, नाहीतर गाइड उतरवून आणतात. यात तथ्य आहे. पुण्यात २०११ मध्ये विकिपीडियाचा इंडिया एज्युकेशन प्रोग्राम झाला होता, तिथे काही महाविद्यालयांत विकिपीडियावरच्या नोंदी हाच स्वाध्याय होता. तिथे फायदा कुठल्या कंपनीचा नव्हता, प्रत्येक बदल लिहिणाऱ्याच्या खात्यावर नोंदला जात होता, परवाना खुला आणि सगळ्यांसाठी सारखा होता. तरीही तो उपक्रम गुंडाळावा लागला, कारण मुलांनी मोठ्या प्रमाणावर पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून जसंच्या तसं उचललं. म्हणजे बाहेरचा वाचक मिळाला की लेखन आपोआप चांगलं होतं, असं नाही. गुळाचा लेख चांगला झाला तो मुलीला आदण ठाऊक होतं म्हणून. ॲपवर येणार म्हणून नव्हे.

बैठकीला मुलीचे वडील आले होते. शेवटपर्यंत गप्प बसले होते. मोबदल्याचा विषय निघाला आणि कंपनीने पुन्हा प्रमाणपत्र पुढे केलं तेव्हा ते बोलले. 'सायेब, आम्ही कारखान्याला ऊस घालतो तवा काट्याची पावती मिळते. गाडीवर कुणाचा ऊस, किती टन, सगळं लिवलेलं असतंय. चौदा दिवसांत एफआरपी, उसाची ठरलेली किंमत, द्यायची म्हणून कायदा हाय, न्हाई दिली तर आम्ही रस्त्यावर येतो. हिच्या लेखाची पावती कुठं हाय?' प्राचार्यांनी मान खाली घातली. प्रतिनिधीने वहीत काहीतरी टिपलं.

काय मिळालं, काय राहिलं

अर्जावर सह्या असलेल्या मुलांचे लेख कंपनीने उतरवले. गुळाचा लेख उतरवून, मामाच्या नावे, फोटो न विचारता वापरल्याबद्दल दिलगिरीचं पत्र आलं. मुलीने लेख पुन्हा, मूळ रूपात आणि नावासह छापायची तयारी दाखवली होती, हायड्रॉसच्या परिच्छेदासकट. कंपनीने ते मान्य केलं नाही. गूळ विकायचा असताना तो परिच्छेद कोण ठेवेल?

सह्या न केलेल्यांचे लेख मी हे लिहिते आहे तोवर ॲपवर आहेत. ते काढा म्हणून सांगायचा अधिकार फक्त त्या मुलांचा आहे. गुण लागल्यावर त्यांतले काही पुढे येतील, अशी मला आशा आहे, आणि अर्जाचा नमुना वर्गप्रतिनिधीकडे ठेवला आहे.

एका प्रश्नाला कंपनीने सरळ उत्तर दिलं नाही. ॲपवरून उतरवलेले लेख त्यांच्या साठ्यातून गेले का, आणि ते भाषेची यंत्रं (एआय) शिकवायला वापरले किंवा कुणाला दिले का? 'आमच्या धोरणानुसार' एवढंच उत्तर आलं. मराठीचा चांगला, बोलीतला, पहिल्या हाताचा मजकूर आज अशा कामासाठी मोलाचा आहे. माझ्या मते परवानगीपत्रात हा वापर वेगळ्या ओळीत, वेगळ्या सहीसाठी यायला हवा. छापायला दिलेली परवानगी यंत्र शिकवायला दिलेली धरू नये.

महाविद्यालयाने पुढच्या सत्रासाठी जो मसुदा स्वीकारला त्यात गुण आणि परवानगी वेगळी झाली. 'प्रकाशनयोग्यता' हे सदर गेलं. मेंटॉर शिकवू शकतो, गुण देऊ शकत नाही. प्रत्येक लेखासाठी स्वतंत्र पत्र, अठराखालच्या मुलाचा लेख बाहेर जाणारच नाही, नाव लेखाच्या वरच यायला हवं, मजकुरात बदल केला तर छापण्याआधी लेखकाला दाखवायचा. ही शेवटची अट माझ्या आग्रहाची. यंत्र शिकवण्याच्या वापराची ओळही आली.

मानधनाचं कलम मात्र अडलं. मी लेखामागे किमान रक्कम सुचवली होती. प्राचार्य म्हणाले, पैसे आले की ही नोकरी झाली असं कुणी म्हणेल आणि मग कलम १७ उलटं आपल्यावरच येईल. शंका अगदीच निराधार नाही, पण तिला उत्तर आहे: बाहेरचा लेखक मानधन घेतो म्हणून मासिकाचा नोकर होत नाही, आणि हक्क लेखकाकडेच राहतो हे पत्रात एका वाक्यात लिहिता येतं. ते वाक्य मी लिहून दिलं आहे. कलम आता महाविद्यालय विकास समितीपुढे आहे. समितीवर विद्यार्थी प्रतिनिधीची जागा असते, आणि या वर्षी ती कुणाकडे आहे हे मी मुलीला शोधायला सांगितलं आहे.